पलभा तीन अंगुळं आणि वर थोडी

१८ मार्च २०२६, बुधवार

गोव्याला चालले म्हटलं की बँकेतले लोक आधी डोळे मिचकावतात. सूर्य बघायला म्हटलं की विचारतात, कुठल्या बीचवर? सूर्यास्त नाही हो, सूर्योदय, आणि तोही सह्याद्रीच्या पायथ्याशी, असं सांगितल्यावर मात्र समोरचा माणूस पासबुकात डोकं घालतो.

आमचा गट नऊ जणांचा. पुण्याचे पाच, कोल्हापूरचे दोन, गोव्याचे दोन. धंदे वेगवेगळे, खोड एकच: रात्री मान वर करून फिरणं. होळीच्या दिवशी चंद्रग्रहण होतं, पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चंद्र उगवेपर्यंत ते सुटतच आलेलं. त्यामुळे मार्चमधला दुसरा मुहूर्त चुकवायचा नाही, असं तेव्हाच ठरलं होतं. २० मार्चला वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो तो दिवस. त्या दिवशी गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवावर उगवत्या सूर्याचा पहिला किरण पडतो, असं ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. खरंच पडतो का, हे बघायचं होतं.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. मागच्या सीटवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण सीटबेल्ट लावून बसलेली, आणि तिच्या नळीवर डोकं टेकून ट्रायपॉड झोपलेला. ट्रायपॉड हे आमच्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात लहान मुलाचं नाव, वस्तूचं नव्हे. खरा ट्रायपॉड डिकीत होता, आणि त्याचा वरचा स्क्रू पुण्यात राहिलाय हे बेळगावला कळलं. बेळगावात कुंदा घेतला आणि जांबोटीवरून चोर्ला घाट उतरलो. नाक्यावरच्या शिपायाने काळी नळी बघून विचारलं, "तोफ काय?" आमच्यातले पंचांगकाका म्हणाले, "हो, पण फक्त वर मारते." हसला, सोडलं.

ज्या होमस्टेत राहणार होतो त्याने दोन दिवस आधी आमचं बुकिंग एका लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकलं होतं. तेव्हा मास्तर म्हणाले, "घर असा मरे आमचें." मास्तर म्हणजे आमच्यातले सत्तरीकर, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले. मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पणजीत जुंता हाउसच्या गच्चीवर त्यांनी पहिल्यांदा शनीची कडी बघितली आणि तेव्हापासून बिघडले, असं त्यांची आई सांगते. वाळपईपासून थोडं आत त्यांचं कौलारू घर. काजूचा मोसम ऐन भरात. अंगणात शिरताना पिकल्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास नाकात जो बसला तो चार दिवस उतरला नाही.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

सकाळी गुढी. इथे तिला अबोलीची माळ होती, एवढाच आमच्या गुढीपेक्षा फरक. कडुलिंब आणि गूळ तोच, तोंडं वाकडी करणंही तेच. पंचांगकाकांना मात्र यंदाच्या पाडव्याने उकळ्या फुटत होत्या. सूर्योदय ६:३७ चा, अमावास्या संपते ६:५३ ला, आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत संपलेली. म्हणजे प्रतिपदेला सूर्योदयच नाही. "क्षय तिथी! तरी पाडवा आजच," असं ते कडुलिंब चघळत आजींना, म्हणजे मास्तरांच्या आईला, समजावत होते. आजी म्हणाल्या, "आमच्या भटजीन कालच सांगलां."

ट्रायपॉडने गुढीच्या कळकाची सावली मोजायला मोजपट्टी काढली तेव्हा आजींनी त्याचा हात धरला. गुढीला टेप लावायची नाही. तिच्या शेजारी दुसरा बांबू रोवा आणि काय तो खेळ करा. तो खेळ दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवला.

दुपारी तांबडी सुर्लाला टेहळणीसाठी गेलो. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या झाडीत, ओढ्याच्या काठी ते एवढंसं देऊळ बसलेलं आहे. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्यातली जुनी देवळं उद्ध्वस्त झाली, त्यातून हे वाचलं ते बहुधा आडबाजूला असल्यामुळे. काळ्या बेसॉल्टचं बांधकाम. हा दगड घाटावरून खाली आणला असं म्हणतात. शिखर वर पूर्ण झालेलं वाटत नाही. मंडपाला तीन बाजूंनी दारं, चार कोरीव खांब, एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती. मधोमध नंदी, आणि नंदीला मुंडकं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी त्या तुटल्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खांद्याचा स्नायू बघा. कोरणाऱ्याने बैल जवळून बघितलाय." यावर कोणी काही बोललं नाही, पण परतताना जो तो जाता जाता नंदीच्या खांद्यावर हात ठेवून आला.

आता आमचं काम. देवळाचं तोंड नेमकं पूर्वेला आहे का? होकायंत्र काढलं. दाराच्या चौकटीला टेकवलं तर सुई एकीकडे, दोन पावलं मागे आलो तर दुसरीकडे, खांबाशी नेलं तर तिसरीकडेच. ट्रायपॉडने फोनमधलं होकायंत्र लावलं, त्याने चौथी पूर्व सांगितली. मास्तर लांब उभे राहून हसत होते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं खनिज. थोडं का होईना सुईला ओढतं. बेसॉल्टच्या देवळात होकायंत्राने पूर्व शोधणं म्हणजे चोरालाच पत्ता विचारणं. ज्यांनी हे बांधलं त्यांच्याकडे ही सुई नव्हती हे बरंच झालं. त्यांच्याकडे काठी होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. देवळाच्या पुढ्यातून पूर्वेला बघितलं तर क्षितिज नाहीच, सह्याद्री उभा. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश. झाडांचे शेंडे धरून डोंगर पाऊण मूठ भरला, म्हणजे सातेक अंश. पंचांगातला सूर्योदय ६:३७ चा असला तरी इथे सूर्य डोंगराआडून वर यायला आणखी अर्धा तास लागणार. आणि या अर्ध्या तासात तो सरळ वर चढत नाही, दक्षिणेकडे तिरका सरकतो. १५ अंश अक्षांशावर सात अंश चढेपर्यंत सुमारे दोन अंश दक्षिणेला. दोन अंश म्हणजे साडेतीन-चार सूर्य शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा होईल तेवढी.

म्हणजे विषुवदिनी इथे जो पहिला किरण येतो तो नेमक्या पूर्वेचा नसतोच! हे गणित मी देवळाच्या पायरीवर बसून फोनवर केलं आणि एकदम हिरमुसले. पंचांगकाका म्हणाले, "अगं, बांधणाऱ्याला डोंगर दिसत नव्हता का?"

रात्र मात्र अशी मिळाली की सगळं विसरायला झालं. चंद्र नाही, जवळ गाव नाही. अंधार पडल्यावर पश्चिमेला उंच त्रिकोणी, दुधी झाक उभी राहिली. ट्रायपॉडला ते कुठल्या तरी शहराचे दिवे वाटले. तो राशिप्रकाश होता: ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेलं सूर्याचं ऊन. पुण्यातून तो दिसायची आशा मी कधीच सोडली आहे. डोक्यावर मिथुनेत गुरू, दक्षिणेला अगस्त्याचा तारा चांगला दोन मुठी वर. मास्तरांनी ध्रुवतारा दाखवला. एक मूठ आणि वर तीन बोटं, १५ अंश. "ह्योच आमचो अक्षांश," ते म्हणाले. शाळेत त्यांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे, तरी बोट वर करताना चेहरा अगदी आत्ताच शोध लागल्यासारखा.

शेजारच्यांनी हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली पाठवली होती. एक अनुभवाचा सल्ला: हुर्राक पिऊन दुर्बीण जुळवायला जाऊ नये. कोल्हापूरच्या दुसऱ्या गृहस्थांनी वीस मिनिटं खपून जो तारकागुच्छ पकडला तो समोरच्या घराचा व्हरांड्यातला दिवा होता. रात्री एकला त्रिशंकू हा दक्षिणेचा तारकासमूह माथ्यावर आला, म्हणजे त्याच्या माथ्यावर. आमच्यासाठी माडाच्या झावळ्यांवर. दोनला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साध्या द्विनेत्रीतून धूसर गोळा दिसला. साडेचारला उठायचं होतं.

२० मार्च, शुक्रवार

साडेचारला उठलो. सहाला देवळाच्या फाटकाशी होतो. आत जायची परवानगी मास्तरांनी आधीच काढून ठेवली होती; राखणदाराने बॅटरी मारून नऊ डोकी मोजली आणि सोडलं. दवाने गवत भिजलेलं, ओढ्याचा आवाज, आणि धुकं.

सुरुवातीला वाटलं की विरेल. ६:३७ झाले. सात झाले. आम्ही नऊ जण पूर्वेकडे तोंड करून उभे, नंदीसारखे. समोर डोंगर नाही, झाडं नाहीत, फक्त पांढरं. सव्वासातला ते पांढरं किंचित पिवळट झालं. ट्रायपॉड म्हणाला, "तो बघा!" आणि कोणालाच काही दिसलं नाही. आठ वाजून गेल्यावर धुक्यातून एक फिकट चकती निघाली, रुपयाच्या नाण्यासारखी, आणि तोवर ती इतकी वर गेली होती की तिचा उजेड मंडपाच्या पायरीपलीकडे जाईना.

पंचांगकाका म्हणाले, "कालपासून लागलेल्या संवत्सराचं नाव काय? पराभव. आणखी काय अपेक्षा करता?"

आठ जण हसले. मला हसू आलं नाही. चार दिवसांची रजा मागताना मॅनेजरसमोर काय काय सांगावं लागलं होतं ते मला माहीत.

नाश्त्याला पातळ भाजी आणि पाव खाता खाता वाद सुरू झाला, आणि त्या वादाने आमची सहल वाचवली. संपात नेमका किती वाजता? रात्री ८ वाजून १६ मिनिटांनी. म्हणजे आज सकाळचा सूर्योदय संपाताच्या पावणेचौदा तास आधीचा होता, आणि उद्याचा असेल सव्वादहा तासांनंतरचा. उद्याचाच जवळचा! आपण सगळे तारखेला चिकटून बसलो होतो. सूर्याला तारीख माहीत नसते. पण पुण्याच्या गाडीतल्या दोघांना आणि दुसऱ्या गोवेकराला शनिवारी कामावर हजर व्हायचं होतं, कोल्हापूरचे गृहस्थ म्हणाले आम्हीही त्यांच्यासोबत निघतो. डॉक्टरीणबाई राहिल्या. "माझ्या पेशंटना शनिवार-रविवार कळत नाही, पण आज कोणी व्यायला झालेलं नाही," म्हणाल्या.

निघणाऱ्यांनाही दुपारपर्यंत थांबवलं, कारण सावलीचा खेळ बाकी होता.

अंगणात शेणाने सारवलेली सपाट जागा. तिथे ओळंबा धरून १२० सेंटिमीटरची काठी सरळ रोवली. १२० च का? जुन्या ज्योतिषात शंकू, म्हणजे सावली मोजायची काठी, १२ अंगुळांचा धरतात. आम्ही दर अंगुळाला १० सेंटिमीटर धरले. विषुवदिनी मध्यान्ही या शंकूची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. पूर्वी पंचांग करणारा माणूस गाव विचारायचा तो पलभेसाठी. पुण्याची जवळजवळ बरोबर चार अंगुळं. उज्जैनची पाचाच्या किंचित वर. जसजसं दक्षिणेला यावं तसतशी कमी.

साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी तांदळाचा दाणा ठेवायचा, हे काम ट्रायपॉडकडे. पावणेबाराचा दाणा शेजारच्या कोंबडीने खाल्ला. त्याने दुसरा ठेवला, तोही खाल्ला, आणि मग ती बाराच्या दाण्याची वाट बघत तिथेच बसली. शेवटी आजींनी चुन्याची डबी आणून दिली.

सावलीचं टोक जवळून बघितलं आहे का कधी? दुरून रेघेसारखं धारदार वाटतं. उकिडवं बसून नाक जमिनीला लावलं की टोक कुठे संपतं तेच कळत नाही; काळं, मग करडं, मग करड्याची नुसती शंका. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून. तिघांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं. मधलं घेतलं. इथे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांच्यात चाळीस मिनिटांचं अंतर, त्यामुळे खरी मध्यान्ह १२:४० ला. मोजलं: साडेतेहेतीस सेंटिमीटर. तीन अंगुळं आणि वर थोडी. कॅल्क्युलेटरवर अक्षांश निघाला १५.६. नकाशा १५.५ म्हणतो. एक बांबू, एक चुन्याची डबी, आणि चूक दहा-अकरा किलोमीटरची! रात्री ध्रुवताऱ्याने जे सांगितलं तेच दुपारी काठीने सांगितलं.

पण मला जे बघायचं होतं ते पुढे होतं. पावणेतीनला शेवटचा ठिपका दिला आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत सुतळी ताणली. सगळे ठिपके सुतळीखाली. इतर कुठल्याही दिवशी सावलीचं टोक वाकडी वाट काढतं, हिवाळ्यात एकीकडे फुगलेली, उन्हाळ्यात दुसरीकडे. संपाताच्या दिवशीच ती सरळ रेघ होते, आणि ती रेघ असते पश्चिम-पूर्व. सुई नाही, फोन नाही. आमच्या अंगणात शेणावर चुन्याने नेमकी पूर्व लिहिलेली होती. मास्तरांनी चप्पल काढून त्या रेघेवर पाय ठेवला आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. समोर गोठा होता.

पंचांगकाकांनी तेवढ्यात दिवस-रात्र समान हाही गैरसमज निकालात काढला. वातावरण किरण वाकवतं आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, त्यामुळे आज दिवसच सात मिनिटांनी मोठा. गोव्यात बारा-बारा तास १२ मार्चच्या सुमारासच होऊन गेले. ट्रायपॉडने विचारलं, मग संपाताला मेषारंभ म्हणतात तर सूर्य मेष राशीत का नाही? संपातबिंदू मागे सरकत सरकत मीनेत आलाय, उत्तराभाद्रपदेत. कधीकाळी तो मृगात होता असं टिळकांनी १८९३ मध्ये मांडलं. इथून पुढे जो वाद झाला तो मी लिहीत नाही. निघणाऱ्यांची गाडी त्यामुळे तासभर उशिरा निघाली.

संध्याकाळी पश्चिमेला बीजेची कोर आणि तिच्या जवळ शुक्र. उद्या ईद, असं रस्त्यावरचा बेकरीवाला सांगून गेला. ८:१६ ला आम्ही पाच जण अंगणात रेघेवर उभे राहिलो. ट्रायपॉडने दहापासून उलटे आकडे मोजले. शून्य. आत कुकरची शिट्टी झाली. दुसरं काही झालं नाही.

२१ मार्च, शनिवार

धुकं नव्हतं. ओढ्यावर थोडं होतं, ते तिथेच राहिलं.

सातला डोंगराची कड पितळेसारखी झाली. आधी आमच्या मागे, पश्चिमेकडच्या उंच झाडांचे शेंडे उजळले. मग ऊन झाडावरून खाली उतरू लागलं, अगदी कोणीतरी पडदा खाली ओढावा तसं. ७:०६ ला शिखराच्या वरच्या थराला लागलं. काळा दगड उन्हात काळा राहत नाही. तपकिरी होतो, त्यात हिरवट झाक येते. ७:०८ ला आमच्या डोळ्यांत. डोंगराच्या कडेवर एका झाडाच्या दोन फांद्यांमधून तो आला, आमच्या कालच्या गणिताच्या जागी, नेमक्या पूर्वेपासून थोडा उजवीकडे.

आणि आम्ही पाचही जण दारासमोर उभे होतो. मंडपात पाच लांबलचक सावल्या.

"बाजूक सरात! उजेड अडयतात तुमी!" राखणदार ओरडला.

धावत दोन्ही बाजूंच्या दारांशी गेलो आणि तिथून आत डोकावलं. ऊन मुख्य दारातून शिरून फरशीवर आडवं पडलं होतं. नंदीच्या पाठीवरून, डॉक्टरीणबाईंच्या त्या खांद्यावरून, पुढे गाभाऱ्याकडे. नंदीची सावली आत गेली होती, बिनमुंडक्याची. तिच्या दोन्ही कडांनी उजेड पुढे सरकला होता आणि गाभाऱ्यातला काळोख थोडा पातळ झाला होता. लिंगावर किरण पडला का? मी जिथे उभी होते तिथून लिंग दिसत नव्हतं, आणि जिथून दिसतं तिथे उभं राहिलं की उजेड अडतो. राखणदार म्हणाला, पडतो. तो रोज असतो. मी विचारलं, फक्त आजच? तो म्हणाला, "ना गो बाय. हे पंदरा दीस असोच येता."

पंधरा दिवस! सूर्य या दिवसांत रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेला सरकतो, स्वतःच्या रुंदीपेक्षा कमी. एवढ्या रुंद दारातून आठ-पंधरा दिवस ऊन शिरणारच. वर्षातून एकदाच, असं आम्हाला सांगणाऱ्यांपैकी कोणी इथे सलग दोन सकाळी आलेलं नसावं. पूर्वाभिमुख देऊळ बांधणाऱ्याला एक दिवस पकडायचा नव्हता, दिशा पकडायची होती, आणि ती त्याने आमच्यासारखीच काठी रोवून पकडली असणार, असं मला वाटतं. पंचांगकाकांना वाटत नाही. त्यांच्या मते त्याने डोंगराचे दोन अंशसुद्धा हिशेबात धरले होते. तपासायला सुतळी आणि चुना घेऊन पुन्हा यावं लागेल, आणि संरक्षित वास्तूच्या आवारात चुन्याच्या रेघा मारू देतील असं काही राखणदाराच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

साडेसातपर्यंत ऊन पायरीकडे मागे सरकलं. कोल्हापूरच्या गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: यात तुमच्याच सावल्या जास्त आहेत.

घरी सामान बांधताना मी काठी उपटायला गेले तर मास्तर म्हणाले, राहू दे. मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा या काठीला सावलीच पडणार नाही. त्या वेळी मुलांना बोलावून दाखवायचं आहे. बरं म्हटलं. कुंद्याचा उरलेला डबा आजींना दिला, त्यांनी काजूगरांची पुरचुंडी दिली, ट्रायपॉड दुर्बिणीला सीटबेल्ट लावून बसला. गाडी वळवताना मागे बघितलं तर आजींनी काठीपासून गोठ्याच्या खांबापर्यंत दोरी बांधली होती आणि आमचे कालचे टॉवेल त्यावर वाळत घातले होते. आम्ही ते विसरलो होतो. पुन्हा उतरले.